करवंदाला पाणी लागत नाही

१२ ऑक्टोबर, रविवार
अंगणात करवंद लावलं. इथे हिंदी मुलखात सगळे करौंदा म्हणतात. देशी, काटेरी, बारमाही हिरवं. एकदा रुजलं की पाणी जवळजवळ लागतच नाही. आई गेल्यापासून आमच्या चेरीतालच्या घराच्या अंगणात काही उगवलेलं नाही आणि बाबा खोलीतून बाहेर आलेले नाहीत. दोन्ही प्रश्नांवर एकच उपाय. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही बॉटनीची. मी नाही करणार तर कोण?
बाबांना सगळी योजना समजावली. ते "अच्छा" म्हणाले. परवा नुसती मान हलवली होती. प्रगती.
संकल्प: उद्यापासून पाचला उठून बाबांना फिरायला नेणे.

१३ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ
आत्ता उठले. अलार्म वाजला होता, पण शरीराचंही ऐकावं लागतं. बाबा घरात नाहीत! सायकलही नाही. स्वतःहून बाहेर पडले. झाड लावल्याचा इतक्या लवकर परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर
बाबा रोज पहाटे सायकल काढतात. दमून येतात, पण भूक घेऊन येतात. काल स्वतःहून पोळी मागितली. मी उठते तोवर परत येऊन झाडाजवळ काहीतरी पुटपुटत उभे असतात. मी विचारत नाही. माणूस सावरत असताना मध्ये बोलू नये.
पाचला उठणं अजून जमलेलं नाही. आता तशी गरजही उरलेली नाही.

७ नोव्हेंबर
करवंदाची पानं पिवळी पडली आहेत. माती चिखलासारखी. पाऊस नाही, मी थेंबही घालत नाही. शेजारच्या विनताकाकूंची टाकी गळत असणार. स्पष्ट बोललं पाहिजे.

८ नोव्हेंबर
स्पष्ट बोलले. काकू भडकल्या. "माझी टाकी काहून गळेल? तू घोडे विकून झोपून राहते, तुला काय माहीत! भाऊजी रोज ग्वारीघाटहून तेलाचा डबा भरून नर्मदाजीचं पाणी आणून राहिले. पुरा डबा तुझ्या करौंद्यात जातो!"
बाबांना विचारलं. ते सायकल पुसत होते. म्हणाले, "तुझ्या आईला तिथं सोडून आलो ना चैत्रात. थोडी थोडी घरी आणून राहिलो."
मी शांतपणे समजावलं. असं पाणी घातलं तर मुळं कुजतात. आकृतीही काढून दाखवली. ते बराच वेळ आकृती बघत राहिले, मग "अच्छा" म्हणाले. विषय नीट पोचला. नंतर थोडं रडू आलं, पण सध्या मला सर्दी आहे.

२८ नोव्हेंबर
माती कोरडी. पिवळी पानं गळून गेली, शेंड्याला नवा कोंब. शास्त्र ते शास्त्र. बाबांनी त्या दिवसापासून सायकल काढलेली नाही. थंडी वाढली आहे, या वयात आराम हवाच.

३ डिसेंबर
बाबा जेवायला नको म्हणाले. परवाही म्हणाले होते. हवा बदलली की भूक मरते.

१० डिसेंबर
आज पाचला उठले. खरंच उठले. डबा धुऊन बाबांच्या पलंगाजवळ ठेवला आणि म्हटलं, चला, घाटावर जाऊ, ऑटो बोलावते. ते म्हणाले, "काहून?" म्हटलं, पाणी आणायला.
"तुझं झाड मरून जाईल, बेटा."
मी म्हटलं, मरू दे. मग म्हटलं, माझंच चुकलं होतं, थोडं पाणी चालतं त्याला, पुस्तकात दिलंय. त्यावर ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "आपल्या घरात एकच तर शिकलेली आहे. ती काहून चुकेल?" एवढं म्हणून भिंतीकडे वळले आणि रजई डोक्यावरून ओढून घेतली.
दुपारी अंगणात गेले. करवंद हिरवंगार झालं आहे. विनताकाकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वरूनच ओरडल्या, "अरे वा, जमून गेलं की तुझं!"
मी हो म्हटलं.