शांत डोक्यानं घ्यायचा कॅमेरा

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घ्यायचा आहे, आणि मोठे निर्णय लेखी असलेले बरे.

आईचं नाव पोहण्याच्या स्पर्धेत लागलं आहे. वय एकाहत्तर. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं, ही चालता चालता पोहायलाच लागली. ९ मार्चला ज्येष्ठ महिलांची पन्नास मीटर. या टोकाला उडी, त्या टोकाला भिंत. अर्ध्यापर्यंत छान जाते म्हणे, मग दम लागतो आणि लेनची दोरी धरते. नंबर वगैरे नकोय तिला. एकदा तरी दोरी न धरता भिंतीला हात लावायचा, एवढंच.

जेवताना म्हणाली, एकदा सकाळी येऊन बघ ना. मी म्हटलं, सराव काय बघायचा, थेट स्पर्धेला येतो आणि असे फोटो काढतो की बघत राहशील. फोनवर नाही. फोनवर कोणीही काढतं.

तेव्हा कॅमेरा घेणे आले. प्रश्न एवढाच: प्रोफेशनल मिररलेस, ज्याची लेन्स बदलता येते, की छोटा सुपरझूम, जो लांबचं जवळ आणतो. दोन-तीन दिवसांत उरकतो.

५ फेब्रुवारी

ठरलं. मिररलेस.

ऑफिसात अकाउंट्समधला एक जण सुट्टीच्या दिवशी समारंभांचे फोटो काढतो. त्याला सगळे 'शटर' म्हणतात. लंच टाइममध्ये त्याने समजावलं. तलाव बंद हॉलमध्ये, उजेड कमी, म्हणजे सेन्सर मोठा हवा, आणि तो मिररलेसमध्येच. मी बराच वेळ मान डोलावत होतो. सेन्सर म्हणजे नेमकं काय, ते घरी येऊन बघितलं.

६ फेब्रुवारी

रद्द.

मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याही विषयावर बोलतो, आणि वाईट म्हणजे कधीकधी बरोबर बोलतो. त्याच्याकडे सुपरझूम आहे. गच्चीवर नेऊन मला चंद्रावरचे खड्डे दाखवले. म्हणाला, प्रेक्षकांच्या गॅलरीपासून उडीचं टोक लांब, मिररलेसला तेवढी मोठी लेन्स लावलीत तर ती धरायला दुसरा माणूस लागेल. मी विचारलं, उजेडाचं काय? तर म्हणाला, दाजी, तुम्ही आधी बटण तर दाबा.

हे बोलणं मला आवडलं नाही. पण मुद्दा बिनतोड. सुपरझूम.

९ फेब्रुवारी, रविवार

तक्ता केला. इतके दिवस भावनेच्या भरात चाललो होतो. मी कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधी टाचणी घेत नाही, आणि इथे मेहुण्याच्या चंद्रावर भाळलो.

डावीकडे मिररलेस, उजवीकडे सुपरझूम. मध्ये मुद्दे: वजन, झूम, बॅटरी, पट्ट्याची मजबुती, हातात कसा दिसतो. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज केली. दोघांना सारखे गुण. पुन्हा केली. सारखेच. यावरून तक्ता किती निःपक्षपाती आहे ते कळतं. निर्णय मात्र कळत नाही.

आई विचारत होती, तलावावर सोडतोस का. तक्त्यात होतो. बसने गेली.

१३ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आलो. दुकानदार शांत माणूस. दोन्ही कॅमेरे हातात दिले. मिररलेस धरल्याबरोबर माझ्यात फरक पडला. खांदे सरळ झाले. त्याने विचारलं, फोटो कशाचे काढता? म्हटलं, स्पोर्ट्स. ॲक्शन. त्याने आदराने बघितलं. बरोबर लेक होती, ती म्हणाली, आजीचे. आदर गेला.

विचार करून सांगतो, असं म्हटलं. तो म्हणाला, सावकाश करा, साहेब. बिचाऱ्याला माझं सावकाश माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

संकल्प: आजपासून एकही रिव्ह्यू बघायचा नाही. जितकं बघावं तितका गोंधळ वाढतो. आपली बुद्धी वापरायची.

१८ फेब्रुवारी

सहा रिव्ह्यू बघितले. एक परदेशी माणूस चाळीस मिनिटं फक्त पट्ट्याबद्दल बोलला. मुद्दे चांगले होते. तक्त्यात पट्ट्याचे गुण बदलले. मिररलेस अर्ध्या गुणाने पुढे.

बायको म्हणाली, मला बघायला आलास तेव्हा बारा मिनिटांत होकार दिला होतास. मी म्हटलं, तेव्हा रिव्ह्यू मिळत नव्हते. विनोद होता. दुसरा चहा मिळाला नाही.

२२ फेब्रुवारी

आई आज खुशीत. अर्ध्याच्या पुढे गेली, आणि दोरी बरीच उशिरा धरली. कोच म्हणजे एक मुलगी आहे, आमच्या लेकीहून जेमतेम मोठी. तिने सांगितलं, आजी, उजवा हात आणखी लांब टाका. आई टेबलाशी बसून हात कसा टाकायचा ते करून दाखवत होती. मी बघत होतो, पण डोक्यात दुसरंच. तिने विचारलं, कळतंय ना? मी म्हटलं, हो, एक हजारांश सेकंदाचा शटर स्पीड पुरेल.

तिने हात खाली घेतला आणि भाजी वाढून घेतली.

१ मार्च, शनिवार

घेतला! मिररलेस! घेतला एकदाचा! लोक विनाकारण म्हणतात की मला निर्णय घेता येत नाही. खोका उघडताना घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. लेक दोन मिनिटं थांबली. आई शेवटपर्यंत बसली होती. म्हणाली, सुंदर आहे रे, पण भिजला तर?

२ मार्च, रविवार

चाचणी. लेकीला गल्लीच्या त्या टोकाला उभं केलं आणि इकडून फोटो घेतले. स्क्रीनवर लावले. भिंतीचा रंग, विजेच्या तारा, उभ्या सायकली, सगळं अप्रतिम. लेक म्हणाली, बाबा, यात मी कुठली? शोधली. मुंगीएवढी होती.

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स जवळच्यासाठी असते म्हणे. दुकानदाराला फोन केला. त्याने लांबच्या लेन्सची किंमत सांगितली. मी खुर्ची ओढून बसलो.

४ मार्च

दुकानदाराने बदलून दिला. शांत माणूस आहे, पण आज एक सुस्कारा ऐकू आला. आता सुपरझूम. हे मी पहिल्यापासून म्हणत होतो (पाहा: ६ फेब्रुवारी).

साठ पट झूम! समोरच्या इमारतीतले गृहस्थ बाल्कनीत पेपर वाचत होते. त्यांच्या पेपरातलं हवामान मी आमच्या बाल्कनीतून वाचलं. उद्या ढगाळ. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन पडदा ओढला. लोकांना कलेची कदर नाही.

७ मार्च

आई म्हणाली, उद्या शेवटचा सराव, येतोस? म्हटलं, उद्या बॅटऱ्या चार्ज करायच्यात. आता एवढे दिवस थांबलीस, आणखी दोन दिवस काढ.

८ मार्च

तयारी पूर्ण. सैन्यात गेलो असतो तर बरंच काही केलं असतं.

जागा: ज्या भिंतीला हात लावायचा, तिच्या बरोबर वर, गॅलरीच्या कठड्याशी. खिडक्या माझ्या पाठीशी, म्हणजे उजेड चेहऱ्यांवर. बायको आणि लेक बाजूच्या बाकांवर बसणार. हौशी लोक तिथेच बसतात.

लेन: एकूण सहा, आईची दुसरी. इथे एक खोच आहे. लेन उजवीकडून मोजतात, मी मुद्दाम वाचून काढलं. सामान्य माणूस डावीकडून मोजेल आणि भलत्याच बाईचे फोटो काढत बसेल.

आईने विचारलं, तू नक्की कुठे असशील? म्हटलं, भिंतीच्या वरच. हात लावलास की वर बघ, मी तिथे आहे. म्हणाली, बरं. मग पुन्हा विचारलं, नक्की ना?

९ मार्च, रविवार. सकाळी १०.४०, गॅलरीतून, फोनवर

आई पहिली!!!

घाईत टाइप करतोय, चुका होतील. सगळ्याजणींना सारख्या पिवळ्या टोप्या, काळे पोशाख, गॉगल. पण मी चुकलो नाही. उजवीकडून दुसरी. साठ पट झूम लावला, फ्रेममध्ये फक्त ती. काय पोहली! उजवा हात असा लांब! दोरीकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझे डोळे भरून आले, व्ह्यूफाइंडर ओला झाला. फोटो चारशेच्या वर.

भिंतीला हात लावल्यावर तिने वर बघितलं नाही. दमली असेल. बाकांवरून बायको आणि लेक माझ्याकडे बघून हातवारे करत ओरडत होत्या. आनंद, दुसरं काय. मीही अंगठा दाखवला.

फॅमिली ग्रुपवर टाकलं: आई पहिली! मामाचा अभिनंदनाचा मेसेज आलासुद्धा. खाली जातो.

९ मार्च, रात्री १०

लिहावंसं वाटत नाही. पण लेखी असलेलं बरं, असं मीच म्हटलं होतं.

खाली पळत गेलो, ओल्या फरशीवर, बुटांसकट. पहिल्या आलेल्या बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. आई आई करत त्यांना मागून मिठी मारली. त्यांनी टोपी काढली. केस आखूड, लालसर. त्यांनी विचारलं, आपण कोण? त्यांचा मुलगा टॉवेल घेऊन शेजारी उभा होता, त्यानेही तेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत.

लेन उजवीकडूनच मोजतात. पण जिथून उडी मारतात त्या टोकाला उभं राहून. मी समोरच्या टोकाला होतो. माझ्या उजवीकडून दुसरी ती पाचवी निघाली. आई माझ्या डावीकडून दुसरी.

सगळ्यात शेवटी आली ती. पण दोरी धरली नाही. लेकीने सगळं सांगितलं. अर्ध्यावर आजी जवळजवळ थांबलीच होती, हात दोरीकडे गेला, आणि तो तिने परत घेतला. बाकीच्या पाच जणी पाण्याबाहेर निघाल्या तरी ही येतच होती. हॉलमधले सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. भिंतीला हात लावला, गॉगल वर केला आणि वर बघितलं. माझ्याकडे. हात हलवत राहिली, बराच वेळ, अगदी माझ्या पायांखाली. मी तेव्हा मान खाली घालून लाल केसांच्या बाईंचे फोटो पुढे-मागे करून बघत होतो. त्या टाळ्या मी ऐकल्या होत्या. मला वाटलं बक्षीस समारंभ सुरू झाला.

गाडीत आईने विचारलं, बघितलंस ना? दोरी नाही धरली. मी म्हटलं, बघितलं ना आई, मस्तच.

खोटं बोललो. मला फार वाईट वाटतंय. तिने मला एकच गोष्ट बघायला बोलावलं होतं, महिनाभर बोलावत होती, आणि मी ती बघितली नाही. कॅमेऱ्यातूनसुद्धा नाही.

रात्री जेवण झाल्यावर तिने फोटो मागितले. चष्मा लावून एकेक करून सगळे बघितले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा उठलो. शेवटी म्हणाली, या बाईंचा हात बघ किती सरळ पडतो, मला हेच जमत नाही. कोचला दाखवते. तिचा स्वतःचा फोटो कुठे आहे, हे तिने विचारलंच नाही.

मामाला अजून कळवलेलं नाही.

१० मार्च

लाल केसांच्या बाईंच्या मुलाचा फोन. कालच्याबद्दल सॉरी म्हणाला. आयोजकांकडून नंबर मिळाला म्हणे. फोटो हवेत. सगळे पाठवले. म्हणाला, आईचे इतके सुंदर फोटो आजवर कोणी काढले नाहीत. माझ्या कामाची पहिली पावती. मजा नाही आली.

संकल्प, आणि हा शेवटचा: उद्या सकाळी सहाला तलावावर. कॅमेरा नाही, फोन नाही. फक्त दोन डोळे. आईला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, खरंच? आणि आज लवकर झोपायला गेली.

पण नुसतं बघून काय कळणार? म्हणून पोहण्याच्या तंत्राबद्दल थोडं वाचायला घेतलं. अफाट विषय आहे. कोपर, श्वास, लाथ, कमरेचा कोन. आई बऱ्याच गोष्टी चुकीच्या करत असणार. लिहून काढल्या.

११ मार्च

गेलो. खरंच गेलो. कठड्याशी उभा राहिलो. आज तिची टोपी निळी होती, लगेच ओळखली. तिने वर बघितलं. हात केला. मीही केला. छाती भरून आली.

ती निघाली. सुरुवात चांगली. मग कोपर खाली पडायला लागलं, तेव्हा मी सांगितलं, कोपर वर! हॉलमध्ये आवाज छान घुमतो. मग श्वासाचं सांगितलं. मग पाय. मग कमर. कोचने दोनदा माझ्याकडे बघितलं. नवीन मुलगी आहे, तिलाही दोन गोष्टी कळल्या असतील. अर्ध्यावर आईने दोरी धरली. मी म्हटलं, दोरी सोड! तिने सोडली नाही. दोरी धरून, माझ्याकडे बघत, तिथेच थांबली.

येताना गाडीत तिने विचारलं, उद्या येणार आहेस? म्हटलं, उद्याच काय, आता रोज. म्हणाली, मग कॅमेरा घेऊन ये.

मला भरून आलं. म्हटलं, नको आई, फोटोंचं वेड गेलं. आता फक्त तुला बघायचं.

ती म्हणाली, बघ की. पण ते यंत्र डोळ्याला लावलंस ना, की तुझं तोंड बंद असतं.

बॅटरी चार्जिंगला लावली आहे.