चंबूचा खरा अहवाल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसायाने अभियंता, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हुशारीचा दाखला कुणी देत नाही. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. असता तर हे काम केव्हाच उरकले असते. हे माझे पहिलेच मृत्युपत्र. शेवटचे ठरेल की नाही, ते प्रकृती ठरवील.

चौतीस वर्षे मी सलाईनच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात निर्जंतुकीकरण विभाग सांभाळला. भरलेल्या बाटल्या वाफेच्या बंद टाकीत ठेवायच्या, एकशे एकवीस अंशांवर वीस मिनिटे तापवायच्या, आणि आत काहीही जिवंत उरलेले नाही अशी सही करायची, हे माझे काम. पत्नी सात वर्षांपूर्वी वारली. एकच मुलगी आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागची गॅलरी, मुलीला. न्हाणीघराच्या भिंतीतली ओल वरच्या मजल्यावरून येते. वरचे लोक कबूल करणार नाहीत. त्यांच्याशी वाद न घालता सरळ पाइप उघडून दाखवावा.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीचे. फार नाही.

कलम ३. हत्यारे. पान्यांचे दोन संच, मायक्रोमीटर, प्रेशर गेज तपासायचा संच आणि लाकडी पेटी आमच्या विभागातल्या फिटरला द्यावी. सगळा कारखाना त्याला ‘पाना’ म्हणत असे. त्याने माझ्या हाताखाली वीस वर्षे काढली आणि एकदाही नट जास्त आवळला नाही. ड्रिल मशीन या यादीत नाही, कारण ते माझ्या बहिणीच्या नवऱ्याने ‘दोन दिवसांसाठी’ नेले त्याला सोळा वर्षे झाली. ते आता त्याच्याकडेच राहू द्यावे. भोके तरी सरळ पाडावीत, एवढीच विनंती.

कलम ४. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना काहीही नाही. एकदा टाकीचे तापमान मध्येच चार मिनिटे उतरले. साहेब स्वतः खाली आले आणि म्हणाले, “सही करून टाका हो, चार मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?” मी सही केली नाही. सगळा माल फेकावा लागला आणि माझी बढती सहा वर्षे अडली. मी त्यांना माफ केलेले नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर घरीदारी मिरवली, हेही नमूद करतो, म्हणजे कलम ६ वाचताना ती लक्षात राहील.

कलम ५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी गुडघे जरूर पाहावेत. त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

कलम ६. बाहेरच्या खोलीतल्या कपाटावरचा दोन लिटरचा काचेचा चंबू, त्याला जोडलेली मोटारीची जुनी इग्निशन कॉइल आणि निळ्या पुठ्ठ्याचे लॉगबुक, हे सर्व मुलीला. हे कलम लांबणार आहे.

माझी पत्नी रोज सकाळी चहाच्या आधी आतल्या खोलीत स्टुलावर बसे, डोळे मिटून चार वाक्ये म्हणे आणि उठे. एवढीच तिची प्रार्थना. तिच्या आईने तिला शिकवली, आणि शेवटच्या वाक्यात तिने स्वतः बदल केला होता. मी त्या वेळी शेजारी दाढी करत असे आणि तिची थट्टा करत असे. देव कशाला हवा, पाणी, ऊन, वीज आणि भरपूर वेळ मिळाला की जीव आपोआप होतो, असे मी तिला लग्नापासून ऐकवत आलो. एके दिवशी ती वैतागली.

“मग करून दाखवा ना! एवढा कारखाना चालवता.”

दाखवतो म्हणालो. चंबूत पाणी, क्षार आणि काही वायू भरले, तोंड रबरी गास्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, लावून बंद केले आणि तो आमच्याच टाकीत (साहेबांना न विचारता) तापवून घेतला. कॉइलने आत रोज संध्याकाळी ठिणग्या सोडायच्या आणि सकाळी पाणी पाहून लॉगबुकात नोंद करायची. पत्नी चंबूला ‘माझी सवत’ म्हणू लागली. पैज तिनेच लावली. आत जीव झाला, तर ती प्रार्थना सोडणार. नाही झाला, तर मी तिच्या शेजारी बसायचे.

“किती वर्षांनी ठरवायचं?” मी विचारले.

“मला काही घाई नाही,” ती म्हणाली.

अकरा वर्षे पाणी काचेसारखे नितळ राहिले. मग एका सकाळी ते गढूळ दिसले. मी लहान पोरासारखा ओरडलो, “अगं, ये लवकर! आला! जीव आला!” ती ओल्या हातांनी आली. चंबूकडे पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाली, “बरं. ठरलंय तसं.” दुसऱ्या सकाळी ती स्टुलावर बसली नाही. सरळ चहा टाकला.

चौथ्या दिवशी मी एक थेंब कारखान्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आतले जंतू ओळखीचे निघाले. चौतीस वर्षे ज्यांना मारत आलो तेच, हवेत कुठेही सापडणारे. घरी येऊन गास्केट भिंगातून तपासले. त्याला केसाएवढी चीर होती. आत काहीही निर्माण झाले नव्हते, बाहेरचे आत शिरले होते. असल्या चिरा शोधण्यासाठीच मला पगार मिळत होता.

लॉगबुकात मी त्याच संध्याकाळी खरे लिहिले. तारीख, वेळ, कारण, सही. पत्नीला सांगितले नाही.

का नाही सांगितले? अठ्ठावीस वर्षांच्या वादात पहिल्यांदा जिंकलो होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग मुलगी सुट्टीत आली, तिने आईला मिठी मारली आणि म्हणाली, “आई, पुरावा बघून मत बदलणारी माणसं मी फक्त पुस्तकात पाहिली होती.” त्यानंतर सांगणे आणखी अवघड झाले. लॉगबुक कपाटावर उघडेच होते, पण माझ्या वस्तूंना हात न लावण्याची पत्नीची सवय होती.

अशी सहा वर्षे गेली. ती कधी चुकूनही स्टुलावर बसली नाही. शब्दाची पक्की होती. दुखणे आले, इस्पितळात हलवले. एका दुपारी तिने विचारले, “अहो, एक विचारू? चंबूत खरंच जीव आला होता ना?”

मी म्हणालो, “हो.”

“मग राहू दे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नऊ दिवसांनी ती गेली. तिला तेव्हा काय करायचे होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. चार मिनिटांसाठी सही नाकारणाऱ्या माणसाने ही सही केली. मला याची लाज वाटते, आणि ती वयाबरोबर कमी झालेली नाही.

कलम ७. मते कुणाच्या नावे करता येत नाहीत, तरी नोंदवून ठेवतो. जीव मारायला वीस मिनिटे लागतात. आत शिरायला त्याला केसाएवढी फट पुरते. पण मुळात तो कसा सुरू झाला, ते मला माहीत नाही. माझ्या चंबूत अकरा वर्षांत झाला नाही, यावरून देव सिद्ध होत नाही. पृथ्वीजवळ कोट्यवधी वर्षे होती आणि समुद्र होता, माझ्याजवळ दोन लिटर पाणी आणि एक कॉइल. तो रसायनांतूनच झाला असावा असे मला अजूनही वाटते. मात्र ‘वाटते’ आणि ‘पाहिले’ यांत फरक असतो, आणि तो फरक सांभाळणे एवढेच विज्ञान मला येत होते. तिची श्रद्धा तपासण्याचे कोणतेही यंत्र माझ्याकडे नव्हते. तरी मी खोटा निकाल देऊन ती बंद पाडली.

ती गेल्यापासून रोज सकाळी मी तिच्या स्टुलावर पाच मिनिटे बसतो. श्रद्धा वगैरे आलेली नाही. पैज हरलो होतो, म्हणून बसतो.

कलम ८. मुलगी दरवर्षी नव्या वर्गाला आपल्या आईची गोष्ट सांगते, की माझ्या आईने पुरावा पाहून देव सोडला. माझी सूचना अशी, की तिने लॉगबुक वर्गात न्यावे आणि गोष्ट पुरी सांगावी. बापाला झाकू नये.

हे मृत्युपत्र माझ्या पश्चात उघडून वाचावे.

पुरवणी. वरचे शेवटचे वाक्य रद्द समजावे. कारण खालीलप्रमाणे.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना पाहायची असते. पण आमचे डॉक्टर न वाचता कशावरच सही करत नाहीत. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, कागद घडी करून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “काका, मी सही करणार नाही. आधी लेकीला समोर बसवून वाचून दाखवा.”

“ती चिडेल हो.”

“चिडू दे की! आत्ता चिडली तर तुमच्याशी भांडेल तरी. नंतर कुणाशी भांडायचं तिनं?”

रविवारी मुलगी आली. मी कलम १ पासून वाचले. ड्रिल मशीनला ती हसली. कलम ६ ला तिने मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. वाचून झाल्यावर उठून लॉगबुक काढले, त्या तारखेचे पान शोधले आणि दोनदा वाचले.

“हे इथेच होतं? मी दर सुट्टीत हे कपाट पुसते, बाबा.”

“हो.”

“तिनं विचारलं तेव्हा तरी सांगायचं.”

“तेव्हा सांगितलं असतं, तर सहा वर्षं का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.”

“म्हणजे स्वतःसाठी.”

“हो. स्वतःसाठी.”

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटले, आता चप्पल घालून निघून जाईल. गेली असती तरी माझी तक्रार नव्हती. बऱ्याच वेळाने आत आली आणि टेबलापाशी बसली.

“काय म्हणायची ती? मी तेव्हा झोपलेली असायचे. मला एक शब्द आठवत नाही.”

मला आठवत होते. अठ्ठावीस वर्षे थट्टा करत का होईना, ऐकले होते. मुलीने पेन घेतले, मी सांगितले, तिने लिहिले. तिच्या आईची ही एकच वस्तू कोणत्याही कलमात आलेली नव्हती, म्हणून इथे उतरवत आहे. ही मुलीला देत आहे. मानायची की नाही, ते तिने ठरवावे.

आजचा दिवस दिलास, तो सरळ जाऊ दे.

घराबाहेर गेलेलं माणूस घरी येऊ दे.

………………………………………………

आणि आमच्या ह्यांचं मनावर घेऊ नकोस, ते बोलतात तसे नाहीत.

“तिसरं?” मुलीने विचारले.

“तिसऱ्याच्या वेळी मी दाढीच्या पाण्यासाठी नळ सोडायचो. मला रोज पहिलं, दुसरं आणि चौथंच ऐकू यायचं.”

तिची आजी नाही, मावशी नाही. विचारायला आता कुणीच नाही. मुलीने तिसऱ्या ओळीची जागा टिंबे देऊन कोरी ठेवली.

तळमजल्यावरचे शिंपी दुसरे साक्षीदार म्हणून आले, तेव्हा त्यांनी हरकत घेतली, की मृत्युपत्रात कोरी जागा ठेवत नाहीत, मागाहून कुणी काहीबाही भरेल. मी त्यांना म्हणालो, भरता आले असते तर मीच भरले नसते का?

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख : चौदा, महिना दुसरा, मंगळवार, सकाळी साडेदहा

(सही) मृत्युपत्र करणार

आम्ही खाली सही करणार असे लिहून देतो, की मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत सही केली. त्याची मुलगी या वेळी खोलीत हजर होती. प्रार्थनेतली तिसरी ओळ सही होताना कोरी होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना आम्ही आपापली सही केली आहे.

(सही) साक्षीदार पहिला, कुटुंबाचे डॉक्टर
(सही) साक्षीदार दुसरा, शिंपी, तळमजला