घरातल्या सगळ्या वस्तूंचा आवाज गेला आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार

दाराची बेल गेली. म्हणजे जागेवर आहे, बटण दाबलं जातं, पण आवाज गेला. कुरिअरवाला तीनदा येऊन परत गेला म्हणे, आणि मी सगळा वेळ दाराशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेलो. शेवटी त्याने फोन केला. फोनची रिंगही गेली असावी, कारण नंतर पाहिलं तर स्क्रीनवर त्याचे मिस्ड कॉल ओळीने उभे.

बायकोचं म्हणणं, बेल वाजत होती, तिला बाथरूममध्ये ऐकू आली. तिला शांतपणे समजावलं. ज्याने अख्खी नोकरी नाट्यगृहात साउंड ऑपरेटर म्हणून काढली, त्याचा कान आणि इतरांचे कान यांत फरक असतो. मोठमोठे नट म्हणायचे, आमचा आवाज तुमच्या हातात आहे. त्या कानाला बेल ऐकू येत नसेल तर बेल वाजत नाही. विषय संपला.

निश्चय: आवाज गेलेली एकेक वस्तू बदलायची. सुरुवात बेलपासून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इलेक्ट्रिशियनने नवी बेल लावली. जुनी ड्रॉवरमध्ये टाकली. नवी तर जुनीपेक्षा मवाळ निघाली. बाहेरून चकचकीत, आतून मुकी. हल्ली सगळं असंच.

टीव्हीचे स्पीकर कुठे असतात ते आज वाकून पाहिलं. मागे! भिंतीकडे तोंड करून! म्हणजे नटाने प्रेक्षकांकडे पाठ करून संवाद म्हणायचे. इंजिनीअरला कुणी काही विचारलंच नाही का? आता आवाज एवढा वर ठेवतो, तेव्हा कुठे माणसं काय म्हणताहेत त्याचा अंदाज येतो.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर भेटले. मालिकेतल्या धाकट्या सुनेने खरंच घर सोडायला हवं होतं का, असं विचारत होते. त्यांच्याकडे टीव्ही नाही. कुठेतरी वाचलं असेल. वाचन दांडगं आहे माणसाचं.

९ नोव्हेंबर, रविवार

बायकोची एक सवय फार वाढली आहे. स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. मग मी काही केलं नाही की चेहरा पाडायचा. तिला सांगितलं की नवख्या नटांना आम्ही पहिला धडा हाच द्यायचो: शेवटच्या रांगेसाठी बोला. त्यावर ती वळली आणि जे काही बोलली ते स्वच्छ, खणखणीत ऐकू आलं. इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला. मनात आणलं तर जमतं तिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वॉशिंग मशीनही गेलं. पूर्वी कपडे झाले की सांगायचं, आता मुकाट बसून राहतं. ही बाहेर गेली होती, कपडे दिवसभर आत कुबट होत पडले. वर दूध उतू गेलं, तेही मी समोर बसलेलो असताना. इंडक्शनच्या टायमरने चकार शब्द काढला नाही.

मुळात बीप हा आवाजच नव्हे. ना त्याला खर्ज, ना वजन. ज्याने शोधला त्याला कान नसणार.

मशीनचा मेकॅनिक आला. त्याने मशीन चालवून दाखवलं आणि एका क्षणी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हं, मग वाजव की. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. मेकॅनिक आणि बायका यांची आतून एकी असते, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुलगी, जावई आणि भिंगरी आले होते. भिंगरी म्हणजे नात. दुसरीत आहे, पण एका जागी बसणं अजून शिकलेली नाही.

मुलीने एक छोटी डबी हातात ठेवली. उघडली तर आत कानाचं मशीन. मला! उन्हाळ्यात बायकोने आणि मुलीने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्याचा हा परिणाम. त्याने डोक्यावर हेडफोन चढवला आणि बीप ऐकू आली की बटण दाबा म्हणाला. बीप आलीच नाही. हेडफोन बंद आहे हे मी लगेच त्याच्या लक्षात आणून दिलं. धंद्यातला माणूस असल्याने चटकन कळतं. तर या डॉक्टरच्या रिपोर्टवरून हे मशीन बनवून घेतलेलं. मुलीला गोड शब्दांत सांगितलं की ज्याला गरज आहे अशा कुणाला तरी दे. तिचा चेहरा पडला. म्हणून ठेवून घेतलं. ड्रॉवरमध्ये, जुन्या बेलशेजारी.

आता चांगली बातमी. भिंगरीच्या शाळेत या महिन्याअखेर गॅदरिंग आहे आणि ती स्टेजवर एकटी गोष्ट सांगणार आहे. शाळेला साउंड सांभाळणारा माणूस हवा होता. हिने सरळ बाईंना सांगून टाकलं की माझे आजोबा नाटकातले साउंडवाले आहेत. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बायको आणि मुलगी दोघी एकदम काहीतरी बोलल्या. दोघी एकदम बोलल्यावर कुणाला काय कळणार.

भिंगरीचा आवाज मुळात नाजूक. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पोचेल का, याची तिला धास्ती. माझ्या मांडीवर चढून कानाशी येऊन विचारत होती. मी तिला शब्द दिला: तू नुसती कुजबुज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी. पोरगी काय खूश झाली! फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी एवढ्या विश्वासाने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेचा हॉल पाहून आलो. मिक्सर डिजिटल. एकही गोल बटण नाही, नुसता स्क्रीन आणि खाली सरकवायच्या पट्ट्या. आवाज हातात यायला हवा, इथे तो काचेखाली. पण म्हटलं, ठीक आहे, कसलेल्या माणसाला कुठलंही हत्यार चालतं.

संगीताच्या बाई मदतीला होत्या. उत्साही, पण अनुभव नाही. मी पट्टी वर नेली की त्या खाली आणत. मध्येच माईक शिट्टी मारतोय म्हणाल्या. मी सांगितलं, बाई, माझ्या हाताखाली आजवर एकाही माईकने शिट्टी मारलेली नाही. त्या कानात बोटं घालून उभ्या होत्या. सर्दी असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरी बेल! ही मात्र अव्वल. दुकानदाराने आतून काढून दिली, मोठ्या गोदामांसाठी असते म्हणाला. बाथरूममध्ये, गॅलरीत, कुठेही असलो तरी ऐकू येते. कमी नाही, जास्त नाही. आमची बेल वाजली की खालच्या मजल्यावरचे लोकही आपापली दारं उघडतात, एवढी स्पष्ट.

सोसायटीच्या सेक्रेटरीने बेलबद्दल लेखी विनंती पाठवली आहे. बायकोने ती माझ्यासमोर आपटली. मी हसण्यावारी नेलं. चांगल्या वस्तूची दखल घेतली जातेच.

इलेक्ट्रिशियन आता मला लांबून ओळखतो. रस्ता ओलांडून नमस्कार करायला येतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या गॅदरिंग. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला घालायचो तो. पोटावर जरा तंग होतो आहे. इस्त्रीमुळे आटला असावा.

भिंगरीने फोनवर गोष्ट म्हणून दाखवली. फोनचा स्पीकर गेला असल्याने तपशील कळला नाही, पण वा वा म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज काही लिहिणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दोष माईकचा होता.

दुपारी: किंवा हॉलचा. सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आणि काचा. एक पडदा म्हणून नाही. आवाज आपटत फिरतो. मी हे आधीच सांगायला हवं होतं.

संध्याकाळी: लिहून टाकतो. इथे कोण वाचायला येतंय.

भिंगरी स्टेजवर आली. निळा फ्रॉक, दोन वेण्या. हात जोडून सुरुवात केली आणि मी पट्टी वर नेली. पहिल्याच वाक्याला तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. मला वाटलं, अभिनय. गोष्टीत वादळ असेल. आवाज आणखी चढवला. मग पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले, मग दुसऱ्या रांगेतल्या, आणि मला वाटलं, काय पकडलंय पोरीने प्रेक्षकांना! एक लहान मूल तोंड उघडून रडत होतं. मी आणखी थोडा आवाज दिला.

संगीताच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी मेन स्विचच बंद केला. त्या नंतर म्हणाल्या की माईक पहिल्यापासून शिट्टी मारत होता, एकसारखा, सुईसारखा. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

भिंगरी रडली नाही. माईकचा स्टँड बाजूला सारून पुढे आली आणि तशीच गोष्ट सांगू लागली. हॉल चिडीचूप. मी शेवटच्या रांगेमागे मिक्सरपाशी उभा. तिचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. मग पुन्हा हसले, पुन्हा मी हसलो. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला.

गोष्ट कशाबद्दल होती ते मला माहीत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

बायको गेले काही दिवस काही बोलत नाही. म्हणजे पुटपुटतही नाही, खरंच बोलत नाही. टोमणा नाही, काही नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला लाज वाटते आहे, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही.

आज ती शेजारी गेलेली पाहून ड्रॉवर उघडला. निव्वळ तांत्रिक कुतूहल. एवढ्याशा डबीत माईक, अँप्लिफायर आणि स्पीकर कसे बसवले असतील, हे आमच्या क्षेत्रातल्या माणसाने पाहायला नको का? कानामागे अडकवलं. सुरू केलं.

पेपरची पानं केवढ्याने वाजतात! माझ्या चपला फरशीवर फरफटतात. फ्रिजचं दार उघडं ठेवून पाणी पीत होतो, तर फ्रिज पीं पीं करून ओरडू लागला. दार लावलं, गप्प झाला. पुन्हा उघडलं, पुन्हा ओरडला. म्हणजे हा इतकी वर्षं मला सांगत होता.

ही घरात कधी आली कळलं नाही. मी मशीन काढायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली की चहा झालाय, येताय ना? अगदी साध्या आवाजात. त्यात पुटपुटणं काहीच नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती स्वतःशीच म्हणाली की राहू दे, मीच नेते बाहेर.

हे दुसरं वाक्य मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी नव्हतंच ते. चहा मात्र रोज बाहेर येत होता, आणि मी समजत होतो की तशी पद्धतच आहे.

उठून आत गेलो. म्हटलं, इथेच घेतो. तिने माझ्या कानाकडे पाहिलं, आणि गॅस बंद करायच्या निमित्ताने बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली.

मशीन चाचणीपुरतं ठेवलं आहे. निष्कर्ष नंतर.

७ डिसेंबर, रविवार

चाचणी सुरू आहे.

सकाळी भिंगरीने दाराची बेल वाजवली आणि मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. कप फुटला. ही असली बेल कुणी लावली घरात? लोक राहतात इथे! ताबडतोब इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि ड्रॉवरमधली जुनी बेल काढून दिली. त्याने ती वाजवून पाहिली. टिंग टाँग. छान, गोड, भारदस्त. हिला काय झालं होतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लूज कनेक्शन. कुठे, म्हणाला. मी त्याला चहा विचारला.

प्रोफेसरांना जिन्यात भेटून यापुढे मालिका पाहायची असेल तर आमच्याकडे या म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. शनिवारचा भाग चुकला होता त्यांचा.

दुपारी भिंगरीने माझी परीक्षा घेतली. मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वतः पॅसेजच्या पार टोकाला, बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, ही शेवटची रांग. तिथून कुजबुजत सगळी गोष्ट सांगितली. एका बकरीची आहे. तिला वाटतं की सगळं रान मुकं झालंय, आणि तिच्या दोन्ही कानांत कापसाची बोंडं अडकलेली असतात. मी योग्य जागी हसलो. एका ठिकाणी हसलो नाही. गोष्ट हिची हिनेच रचली आहे, हे मुलीने नंतर सांगितलं.

गोष्ट संपली तरी पोरगी तिथेच उभी. मग आणखी हळू आवाजात, जवळजवळ नुसत्या श्वासात तिने विचारलं की आजोबा, पुढच्या वर्षी मी माईक नाही घेतला तर चालेल का?

अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

म्हटलं, चालेल.

यावर आतून बायकोने सांगितलं की एवढं ओरडू नका.