वीतभर भराव

८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंनी पुन्हा विचारलं म्हणतेस, की तुमची भाची भूगोलात अजून शिकते तरी काय, जगात राजधान्या किती उरल्यात. त्यांना सांग, राजधान्या मला कधीच पाठ नव्हत्या.

आमच्या विभागाला दोन मजले आहेत. खाली माती, पाणी, दगड, वारा. वर माणसं. खाली एकजण तळ्याच्या गाळातून परागकण वेगळे करतो आणि हजारो वर्षांपूर्वी तिथे कसलं रान होतं ते सांगतो. दुसरा हिमनदीवर खुंट्या ठोकून आलाय, त्या किती सरकल्या ते बघायला दरवर्षी जातो. त्याच्या बायकोचा त्या खुंट्यांवर राग आहे. एकीच्या टेबलाखाली वाळवंटातल्या वाळूच्या बरण्या आहेत, पाय लावायची सोय नाही. मी नदीची. पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचं गणित मांडते.

वरच्या मजल्यावर रात्रपाळीच्या बायका घरी कोणत्या बसने जातात, म्हाताऱ्यांना दवाखाना किती लांब वाटतो, शाळेचा रस्ता काढायला सांगितला तर मुलं काय काढतात आणि काय गाळतात, बाजारातलं अमुक दुकान का बंद पडलं, हे सगळं चालतं. तिथे माझी एक मैत्रीण आहे. तिला मी चौकशीबाई म्हणते. पूर ओसरल्यावर लोक त्याच घरात परत का जातात, हा तिचा विषय. मी तिला म्हटलं, आमच्या मजल्यावर याला गप्पा म्हणतात. ती म्हणाली, आम्हीही गप्पाच म्हणतो, फक्त शेवटपर्यंत ऐकतो.

आता कामाचं. आपल्या गावाच्या पुराचा नकाशा नगरपालिकेने आमच्या विभागाला दिला, आणि बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो मला दिला. त्यावर एक लाल रेषा येईल. रेषेच्या आतल्या घरांना वरच्या माळावर हलवणार, बाहेरची राहतील. गणित तपासायला जुन्या पुराची एक खरी उंची लागते, आणि ती आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. काकांनी ओढलेली रेघ. फरशीपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजून कळव. तू काकांचीच टेप घेशील हे मला माहीत आहे. शिंप्याची टेप वापरून वापरून लांबते, म्हणून सोबत पोलादी पट्टी पाठवते आहे. आधी टेप पट्टीला लावून बघ. मग मोज. तीनदा.

घर तुझं आहे हे मी बाईंना आधीच सांगितलंय. ते रेषेच्या आत येईल की बाहेर, मला माहीत नाही. आधीच काही धरून चालू नकोस.

गुडघा शेकत जा. लोभ आहे तसाच असू दे, फेरफार नको.

तुझी
फूटपट्टी

२० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकांनी तुझं नाव उगाच नव्हतं ठेवलं. मावशीला पत्र लिहावं आणि त्यात पोलादी पट्टी घालावी, हे तुलाच सुचायचं. पोस्टमनने पाकीट दोन बोटांनी धरून दिलं आणि आत सुरी आहे का म्हणून विचारलं.

टेप लावली पट्टीला. केसभर लांबली आहे. काकांच्या टेपचा एवढा अपमान पुरे. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सारखं आलं, आकडा चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय. माझा गुडघा वाकत नाही, म्हणून खालचं टोक धरायला इस्त्रीवाल्या काकूंना बसवलं. बसल्या बसल्या म्हणतात कशा, याच्यासाठी डॉक्टर होतात होय.

रेघ अजून स्वच्छ आहे. पाणी ओसरल्यावर काकांनी ती आधी कापडावरच्या खडूने मारली होती, मग पुसेल म्हणून वरून रंग दिला. पाणी छातीला लागलं होतं त्यांच्या. तुझे आईबाबा गेल्यावर तुला आमच्याकडे आणून महिनासुद्धा झाला नव्हता. तू त्यांच्या खांद्यावर, आणि तुला मेली गंमत वाटत होती. सांगायला बाहेरचं एक माणूस आलं नव्हतं गं. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा कळलं.

एक विचारते, तुझ्यासारखं कोरडं उत्तर दे, चालेल. आत आलो तर खरंच जावं लागेल का? काकांचं मशीन, त्यांची उजेडाची खिडकी, सगळं इथंच आहे. माळावर मला कोण ओळखतं? मी काही म्हणत नाही हं. नुसतं विचारते.

वेळेवर जेव. आशीर्वाद नेहमीचेच, पण मोजून नाही पाठवत.

तुझी
मावशी

१६ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस त्याचं उत्तर. आत आलो असतो तर जावं लागलं असतं. आपली गल्ली बाहेर आहे. थोडक्यात, पण बाहेर.

हा कच्चा नकाशा आहे, त्यावर माझी सही अजून व्हायची आहे. घर आपलं म्हणून तेवढ्या भागाचं गणित बाईंनी खुंट्यावाल्याकडून पुन्हा करून घेतलं. त्याने तेच आकडे घेतले आणि त्याचं उत्तर तेच आलं. मला बरं वाटलं. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

चौकशीबाई तुझ्याकडे आठवडाभर राहायला येते आहे, गल्लीतल्या लोकांशी बोलायला. तिला फार बोलू देऊ नकोस. खरं म्हणजे तू फार बोलू नकोस.

उन्हात छत्री घे. लोभाचं तुला सांगायला नको, तरी सांगितलं.

तुझी
फूटपट्टी

२ मे

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी गल्लीत वाचून दाखवलं. रागावू नकोस. सायकलवाल्याने माझ्या दाराची कडी फुकट बसवून दिली. इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, राजधान्या येत नसल्या तरी पोरगी कामाची आहे. मी काही केलं नाही आणि सगळे आभार मात्र मी गोळा करते आहे. संध्याकाळी एकटीच काकांच्या खिडकीत बसले आणि त्यांनाही सांगितलं, की राहतोय आपण इथंच.

तुझी चौकशीबाई कालच गेली. घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. विचारते फार, पण मग गप्प बसते आणि आपणच बोलत सुटतो. पुरात आधी काय उचललंत, परत आल्यावर पहिला दिवा कुठल्या खोलीत लावलात, असलं कुणी विचारतं का? मी सांगत बसले. पायरीचंही सांगितलं. तू तिकडे गेल्यावर माझा गुडघा फारच धरायचा आणि स्वयंपाकघरात उतरताना माझी धांदल व्हायची, तर काकांनी आठ दिवस दुकान बंद ठेवलं, आत भराव घातला, जुन्याच फरश्या वर बसवल्या आणि पायरीच काढून टाकली. गवंडी बोलवा म्हटलं तर म्हणाले, माझ्या मापाचं काम दुसऱ्याला द्यायचं नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं वाटतं. पत्रात तू गुडघ्याचं विचारतेस, फरशीचं कुठे विचारतेस.

ती बाई वाकून फरशीवरून हात फिरवत होती. गुणी आहे. तिला छळू नकोस.

माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी
मावशी

१४ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच आणि गल्लीत वाचून दाखवू नकोस. आधी तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चौकशीबाईने चहाच्या किटलीपाशी मला पायरीची गोष्ट सांगितली. लोक घर कसं धरून राहतात याचं तिला ते फार चांगलं उदाहरण वाटलं. मी कप खाली ठेवला.

आपलं स्वयंपाकघर एक पायरी खाली आहे, असंच माझ्या डोक्यात होतं. फरशीची उंची मी गावाच्या जुन्या मोजणीतून घेतली, ती पुराच्याही आधीची आहे. त्यात तू पाठवलेला आकडा मिळवला. पण तू मोजलंस ते नव्या फरशीपासून, आणि ती वीतभर वर आहे. म्हणजे त्या पुराचं पाणी मी धरलं होतं त्यापेक्षा वीतभर उंच होतं. तू बरोबर मोजलंस. टेप केसभर लांबली का, हे मी तपासून घेतलं आणि फरशी तीच आहे का, हे विचारलं नाही. भराव घातल्यानंतर मी एकदाच घरी आले, काका गेले आणि त्यांना न्यायचं होतं तेव्हा. त्या दिवशी मी जमिनीकडे पाहिलं असेल, पण मला ती दिसली नाही.

आपलं गाव सपाट आहे. तिथे वीतभर पाणी म्हणजे तीन गल्ल्या. त्यात आपली आहे.

हे तुझ्या पत्रात होतं, आणि मी व चौकशीबाई एवढ्यांनाच माहीत होतं. मी दुपारी बाईंना सांगितलं. रेषा आता खुंट्यावाला काढतो आहे. भराव नक्की किती हे माहीत नसल्यामुळे त्याने पायरीच्या उंचीवरून अंदाज धरलाय. बाई म्हणाल्या, रेषा कुणीही काढो, सही तूच करायची, कारण चूक सांगितलीस तू. मी करणार आहे.

माफ कर असं लिहिलं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही.

तुझी
फूटपट्टी

२९ मे

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी ते डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही. पहिल्या दिवशी तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी काकांचा आला, की एवढा माझ्या गुडघ्याचा कळवळा कशाला होता. मग स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रेघेकडे बघितलं. नेहमी बघते तशी नाही. ती आणखी वीतभर वर असती तर, हे बघितलं. तुझ्या पायाशी आली असती गं, खांद्यावरच्या.

गल्लीत मी स्वतःच सांगितलं. आभार मी गोळा केले होते, तर हेही मीच सांगायला हवं. सायकलवाल्याने मान फिरवली. इस्त्रीवाल्या काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. काल आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तिनं गप्प बसून मावशीचं घर वाचवलं असतं तर आपल्याला कळलंही नसतं. मग विचारू लागल्या, माळावर आपल्याला शेजारी शेजारी घरं मिळतील का. ते तू बघ, तुझ्या वरच्या मजल्याला विचार.

तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. आता सांगणारं माणूस आहे आणि ते आपल्या घरातलं आहे. काका असते तर त्यांनी एवढ्यावर नवं पोलकं शिवलं असतं तुझ्या बाईंना. तू माफी लिहिली नाहीस ते बरं केलंस. मीही आभार नाही लिहीत. फिटंफाट.

एकच मागणं आहे. भराव किती ते नक्की माहीत नाही म्हणतेस, तर ये आणि मोज. फरश्या तू स्वतः काढ, मोजून झाल्या की मला दे. नव्या स्वयंपाकघरात त्याच बसवायच्या. रेघ राहू दे इथंच, तिला नवीन घरात काम नाही.

वाट बघते. आशीर्वाद रोजचेच, आज जरा जास्त.

तुझी
मावशी

११ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू माळावर सामान लावते आहेस आणि मी इथे रिकाम्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. पत्र टेम्पोवाल्याकडे फरश्यांबरोबर देईन. एक फरशी कोपऱ्यात टवकली, ती माझ्याकडून. बाकी सगळ्या शाबूत आहेत.

भराव खुंट्यावाल्याच्या अंदाजापेक्षा बोटभर कमी निघाला. त्याने रेषा हलत नाही, पण आता तो अंदाज नाही, माप आहे. अहवालाच्या शेवटी आभाराचं पान असतं. एरवी मी त्यावर विभागाचं नाव लिहून मोकळी होते. या वेळी चौकशीबाईचं नाव पहिलं आहे, मग तुझं, टेपचं टोक धरल्याबद्दल इस्त्रीवाल्या काकूंचं, आणि काकांचं. बाईंनी विचारलं, यांनी काय केलं असं लिहायचं. मी लिहिलं, रेघ ओढली.

काकूंना तुझ्या उजव्या हाताचं घर मिळालंय. ते माझं काम नाही. चौकशीबाई नगरपालिकेत तीनदा जाऊन बसली आणि गल्लीत कोण कुणाकडे किल्ली ठेवतं, हे तिने त्यांना नकाशावर काढून दाखवलं. असा नकाशा मी कधी काढला नसता. हे मी तिला सांगितलंही. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

तुझ्या नव्या उंबऱ्याची उंची मी यंत्र लावून बघितली आहे. निवांत झोप. आतबाहेर कुठेही पायरी नाही, गवंड्याला दोनदा बजावलंय.

आणखी एक. फरश्या काढण्याआधी त्या सपाट बसल्यात का ते बघायला मी त्यांच्यावर पाणसळ ठेवली. गवंड्याची, ती बुडबुड्याची. काकांकडे तसलं काही नव्हतं. इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, पारदर्शक नळीत पाणी भरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रांगत होते आठ दिवस. मी चारही कोपऱ्यांत ठेवली, दाराशी ठेवली, मग ओट्यापुढे, तू उभी राहतेस तिथे. बुडबुडा मधून हलला नाही. कुठेच.

हे माप अहवालात नाही. तुझ्यासाठी आहे.

परवा येते. तुम्हा दोघांचा लोभ मला पुरून उरला, हे एकदा लिहून ठेवते.

तुझी
फूटपट्टी