निखारे सांभाळणारा

ब्वेनोस आयरेस,
सोमवार, ९ जून

प्रिय देल्फिना,

आशीर्वाद. साल्ताच्या थंडीत तुझे गुडघे शाबूत असतील, या गृहीतकावर पुढे लिहितो. आज सकाळी पपांना वृद्धाश्रमात यथाविधी प्रतिष्ठापित केले. खोलीला खिडकी आहे. खिडकीतून भिंत दिसते. ‘घरातल्या शेवटच्या दिवसांत त्यांनी काही मागितलं का?’ असे तू विचारले होतेस. काही नाही.

काल मध्याह्नी त्यांना नदीकाठच्या त्या प्रतिष्ठित भोजनगृहात नेले, जिथे वेटर गिऱ्हाइकाहून कुलीन दिसतात. माझ्या अर्धांगीने, नॉर्माने, पपांच्या गळ्याशी रुमाल खोचला. "सांडू नका हं, पपा." त्यांची दृष्टी काचेपलीकडच्या भट्टीवर खिळली होती.

"जाळ फार आहे," ते म्हणाले. "लाकडाचे निखारे झाले नाहीत अजून, आणि गाढवाने मांस ठेवलंय."

"त्याला पगार मिळतो त्याचा," मी म्हणालो. " तुम्ही पाव खा."

मग ते स्वच्छतागृहाच्या दिशेने गेले. पाऊण तास परतले नाहीत. शोधायला जाण्याचे औदार्य मला सुचले नाही. शांतता लाभली होती आणि पेला भरलेला होता.

मांस आले. वस्तुतः उत्कृष्ट होते. परंतु वेटरसमोर आपली रसज्ञता सिद्ध करण्याची माझी खोड तू जाणतेस. "हे भाजणाऱ्याला हात आहेत की खूर?" मी उच्चरवाने पृच्छा केली. नॉर्मा हसली. शेजारचे टेबलही हसले.

मान वळवली, तो वेटरच्या मागे पपा. कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, भुवईवर राख, खांद्यावर फडके. भट्टीवाल्याची विनवणी करून आमचे मांस त्यांनीच भाजले होते. चाळीस वर्षे दर रविवारी अंगणात मांस भाजून झाल्यावर उभे राहत, तसे ते टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. निखारे सांभाळणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्याखेरीज आपल्या घरात कोणी ताटावरून उठले नाही, हे तुला सांगायला नको.

वेटरने टाळी वाजवायला आरंभ केला. मी हात वर करून त्याला थांबवले.

"पपा, धुराचा वास मारतोय. उद्या हाच कोट घालून जायचंय ना?"

"खूर नाहीत रे, एउसेबियो," ते म्हणाले. "हात थरथरतात फक्त." आणि बसले. पुढे काही खाल्ले नाही.

आता वरचे ‘काही नाही’ दुरुस्त करून वाच. शनिवारी त्यांनी मागितले होते. अंगणात एकदा, शेवटचे, आम्हाला भाजून घालायचे होते त्यांना. सोमवारी घर विकत घेण्यासाठी पाहायला लोक येणार, धूर पडद्यांत बसेल, म्हणून मी नकार दिला. पित्याच्या तुलनेत पडद्यांचे हित मी अधिक जपले.

मांस मी संपवले, हाडापर्यंत. उत्तम होते, हे त्यांना सांगायचे राहिले. तू फोन करशील तेव्हा सांग. मी म्हटल्याचे मात्र सांगू नकोस. विश्वास बसणार नाही.

टाळ्यांच्या वेळी दोन्ही हात मोकळे असलेला,
तुझा थोरला भाऊ
एउसेबियो