आईचं मरणगाणं

अस्पासियाताई,

आई गेल्याचं तुला कळवलं, पण पुढचं फोनवर सांगवेना.

गावातल्या प्रत्येक मयताला मरणगाणं आईच म्हणायची. जिवंत माणसाचं म्हणू नये, अपशकुन होतो, हेही तीच सांगायची. पण शेवटी शेवटी हट्टाला पेटली. "माझं मला ऐकू दे. मी गेल्यावर तू काय दिवे लावणार ते बघते."

वर हेलिकॉनच्या झऱ्याचं पाणी हवं म्हणाली. कविता सुचावी म्हणून लोक तिथं ओंजळभर पाणी पिऊन जातात, त्यांना हीच हसायची. मी डोंगर चढून बाटली भरून आणली. दोन घोट तिला पाजले, एक मी प्यायले आणि गायला लागले.

"बंद कर गं. आपली शेळी बरी ओरडते."

मग पडल्या पडल्या स्वतःच गायली. काय आवाज लागला होता, ताई. मागे राहणाऱ्यांना नावानं हाक मारायची आपली रीत. प्रत्येक कडव्यात तिनं तुला हाक मारली, तिकडं मेलबर्नला. मी उशाशी बसले होते. माझं नाव एकदाही आलं नाही.

दफनाच्या वेळी तेच गाणं मी म्हटलं. माझं नाव चालीत सहज बसलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी तुझंच घेतलं, प्रत्येक कडव्यात.

हे पत्र काही टपालात टाकणार नाही. पण खाली नाव माझं लिहितेय.

लेमोनिया