शिडीच्या वरच्या पायरीवरील इसम

लिहून ठेवणार: मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, राष्ट्रीय विमान कंपनीचा माजी शिडीचालक (म्हणजे विमानाच्या दाराला प्रवाशांची चाकांची शिडी लावणारा), शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार पुढे वर्णन केलेल्या दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर. 'सेवानिवृत्त' असे लिहू नये. मी निवृत्त झालो नाही, मला काढले. शहर मला डुलकीराव म्हणून ओळखते, सबब नावापुढे 'उर्फ' लिहून तेही घालावे, असे वकीलबाईंनी सुचविले. मी घालू दिले नाही. ते नाव मला आईवडिलांनी ठेवलेले नाही, मी कधी मान्य केलेले नाही, आणि त्या नावाने मारलेल्या हाकेला आजवर ओ दिलेली नाही.

मला चष्म्याने दिसते, दोन्ही कानांनी ऐकू येते आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. ती शाबूत आहे हीच काही जणांची अडचण आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला. हा कागद मी 'राजीखुशीने' लिहीत आहे असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणतात. मी राजी आहे. खूश नाही. म्हणून तो शब्द अर्धाच लिहितो: राजीने.

चौथीनंतर मी शाळा सोडली ती धाकट्या भावाला शिकता यावे म्हणून, अशी एक गोष्ट नातेवाइकांत सांगितली जाते. ती खोटी आहे. गुरुजींनी दुसऱ्याच्या चुकीसाठी माझा कान पिळला, मी दप्तर उचलून घरी आलो आणि परत गेलो नाही. त्याचे ओझे कोणावर नाही.

कलम पहिले. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घराचा वरचा मजला धाकट्या भावास बिनशर्त दिला होता. तो आज तेथे राहतो आहे. तसे का दिले होते आणि आता ते का बदलले, हे पुढे येईल.

कलम दुसरे. घर माझ्या एकट्याच्या मालकीचे आहे. खालचा मजला, मागची पडवी आणि पाण्याची टाकी माझ्या मुलास मिळावी. मुलगा दूरच्या शहरात असतो. शाळेत त्याला पोरे 'डुलकी' म्हणत. लग्न ठरताना त्याने मुलीकडच्यांना, वडील विमान खात्यात होते, एवढेच सांगितले. कुठल्या कामावर, ते सांगितले नाही. मी ते ऐकले होते. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. लोकांना आवडतं ते." मजला त्याला मिळेल. सोडणे मिळणार नाही.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक माझ्या दोन्ही नातींना समान वाटून द्यावी. त्यांनी ती शिक्षणावर खर्च करावी अगर हवी तशी उडवावी, मी विचारायला येणार नाही.

कलम चौथे. कामाच्या वस्तू. शिट्टी, चामडी हातमोजे आणि लाल काचेची बॅटरी माझा कामावरचा जोडीदार यास द्यावी. तो सामान चढवीत असे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. गणवेशाची टोपी नष्ट करावी. ती कोणीही मागितली तरी देऊ नये, विशेषतः पुढे उल्लेख येणाऱ्या प्रदर्शनवाल्यांना.

कलम पाचवे. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात कारणे द्यावी लागत नाहीत. मला द्यायची आहेत.

माझा धाकटा भाऊ शहरातील मोठ्या दैनिकात व्यंगचित्रकार होता. दर रविवारी विमान कंपनीवर त्याचे एक चित्र येत असे. एकात प्रवासी विमानाला दोरखंड बांधून ओढत होते. एकात वेळापत्रकाच्या फळ्यावर कोळ्याने जाळे विणले होते, आणि वाट पाहून कंटाळलेला कोळी सामान घेऊन रेल्वेकडे निघाला होता. ही चित्रे चांगली होती. विमाने उशिरा सुटत, जेवण थंड असे, संचालकांचे मेहुणे फुकट फिरत. यातले काहीच खोटे नव्हते. मीही हसलो आहे.

रात्री जेवताना आम्ही एकत्र बसत असू आणि मी दिवसभराचे सांगत असे. एकदा सांगितले की विमान येऊन उभे राहिले, दार उघडले, दारात प्रवासी ताटकळले, आणि मी शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपलो होतो. पैलवानाने खालून शिव्या दिल्या तेव्हा जागा झालो. का झोपलो, तेही सांगितले. बदली चालकाची जागा संचालकांनी रद्द केली होती, म्हणून मी सलग दोन पाळ्या करीत होतो. शिडी सोडून कोठे जायचे नाही असा नियम होता, म्हणून झोप आली तरी ती शिडीवरच येणार. सावली तेवढ्या एका पायरीवर असे.

पुढच्या रविवारी डुलकीराव जन्माला आला. माझ्या मिशा, माझी खांद्याच्या पट्टीत खोचलेली टोपी, कठड्याला अडकवलेला माझा डबा. झोप चित्रात आली. दोन पाळ्या आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीचे काहीही चुको, चित्राच्या कोपऱ्यात शिडी आणि शिडीवर तो घोरत असलेला. हवाईसुंदरी प्रवाशाला उशी देते आहे आणि डुलकीराव ती मधल्यामध्ये ओढून घेतो आहे, हे चित्र तर लोकांनी कापून भिंतीवर चिकटवले.

संचालक मात्र त्याच्या चित्रांत कायम पाठमोरे. कोट, टक्कल, हातात सुरी, समोर पावासारखे कापायला घेतलेले विमान. पाठमोऱ्या माणसाला कोण ओळखणार? संचालक बाजारात फिरले तरी कोणी हसले नसते. सबंध विमान खात्यात चेहरा एकाच इसमाला होता, आणि तो माझा होता.

मी धाकट्यास याबद्दल कधी विचारले नाही. विचारणे म्हणजे मला लागले हे कबूल करणे. माझी पत्नी हयात असताना माझे ताट वाढता वाढता म्हणे, "अहो, भावोजींची नोकरी आहे ती. संपादक सांगतात तसं काढावं लागतं बिचाऱ्यांना." या एका वाक्याच्या आधारावर मी त्याच्यासोबत एका छपराखाली राहिलो. पूर्वीचे मृत्युपत्रही त्याच आधारावर केले होते.

कलम सहावे. कोपऱ्यावरील केशकर्तनालयाच्या मालकांस माझा दाढीचा वस्तरा द्यावा. त्यांनी ते उशीचे चित्र चौकट करून आरशाशेजारी टांगले, म्हणजे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला एकदा चित्र आणि एकदा मी, असे दोन्ही पाहता यावे. म्हणून मी मिशा याच वस्तऱ्याने घरी उतरवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर रस्त्यात विचारले, "काय डुलकीराव, मिशा झोपेत गेल्या वाटतं?" वस्तरा त्यांनी चित्राच्या खाली टांगावा. धार अजून चांगली आहे.

कलम सातवे. वरच्या मजल्याविषयी.

कंपनी विकली गेली त्या रविवारचे चित्र सर्वांना पाठ आहे. पाठमोरे अध्यक्ष विमानाची कागदासारखी घडी घालून खरेदीदाराच्या खिशात सरकवीत आहेत आणि पुढे, मोठा, शिडीवर डुलकीराव. लोकांनी काय पाहिले? घोरणारा पाहिला. वर्षानुवर्षे ज्याची टिंगल केली ते विकले गेल्यावर हळहळायचे कोणी? त्या कंपनीत हजारो माणसे प्रामाणिकपणे राबत होती हे कोणाच्या ध्यानातच राहिले नव्हते. विनोद विकला गेला, एवढेच शहराला वाटले.

सोमवारी नव्या मालकांचा एक अधिकारी टेबलामागे बसून एकेकाच्या हातात कामावरून काढल्याचे पाकीट देत होता. मिशा नसतानाही त्याने मला ओळखले. शेजारच्याला म्हणाला, "अरे, हे तर डुलकीराव!" मग मला म्हणाला, "काका, आता घरी निवांत झोपा." माझ्या मागे रांगेत आमचेच कामगार उभे होते. तेही हसले. त्यांचीही पाकिटे त्याच टेबलावर होती.

आता पुढील महिन्यात जुन्या विमानतळाच्या इमारतीत धाकट्याच्या विमान-चित्रांचे प्रदर्शन भरत आहे. व्यवस्था पाहणारा एक तरुण माझ्याकडे येऊन गेला. त्यांनी एक खरी शिडी मिळवली आहे. म्हणाला, "काका, तुम्हाला काही करायचं नाही. टोपी घालून वर बसायचं आणि फोटोपुरते डोळे मिटायचे." मी त्याला दार दाखवले. मुलगा नातींना घेऊन ते प्रदर्शन पाहायला येणार आहे, हे मला पुतणीकडून कळले.

सबब वरच्या मजल्यास पुढील अट घालीत आहे. प्रदर्शनाच्या दारातले पहिले चित्र धाकट्याने नव्याने काढावे. त्यात कंपनी विकणारे अध्यक्ष समोरून असावेत, चेहरा ओळखू यावा, आणि शिडी रिकामी असावी. असे चित्र लागल्यास वरचा मजला कायमचा त्याचा. न लागल्यास माझ्या पश्चात त्याने तो रिकामा करून माझ्या मुलाच्या ताब्यात द्यावा.

कलम आठवे. सातवे कलम काल लिहिले. खोडाखोड केलेल्या कागदावर लोक संशय घेतात, म्हणून ते तसेच ठेवून आज घडलेले पुढे लिहितो.

आज दुपारी पुढच्या खोलीत वकीलबाई, डॉक्टर, पैलवान आणि पुतणी हजर असताना मी ते कलम धाकट्यास वाचून दाखविले. पुतणी परिचारिका आहे. तीच आधी बोलली. "काका, बाबांच्या हातातला चहा हिंदकळतो हल्ली. चित्र कुठून काढणार ते?"

धाकटा तिला म्हणाला, "हात जमेल. ते कारण नको देऊस." मग माझ्याकडे वळून, "दादा, मी हुकमावरून चित्र काढत नाही. तुझ्याही नाही काढणार."

मी म्हटले, "संपादकांच्या हुकमावरून काढत होतास ना?"

"कोण म्हणालं? संपादकांनी दोनदा सांगितलं, तो शिडीवाला काढून टाक, युनियन दंगा करते. मी नाही टाकला."

का टाकला नाहीस, असे मी विचारले. हा प्रश्न मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"बाकी सगळे नुसते कोट होते रे. माणूस तेवढा एकच होता. मला आवडायचा तो."

'आवडायचा' हा शब्द त्याने उच्चारला, त्याची नोंद केली आहे. तो मी स्वीकारलेला नाही. ज्याला आवडतो तो दोन पाळ्याही चित्रात काढतो. मी तसे बोललो.

इतकी वर्षे मी मनातल्या मनात ज्याला माफ केले तो संपादकाच्या धाकातला नोकर होता. असा इसम या घरात कधी राहतच नव्हता, हे आज निष्पन्न झाले. वर जो राहतो त्याला माफ करण्याचे काम अजून सुरूही झालेले नाही, आणि माझे वय मी वर दिलेलेच आहे.

यानंतर वकीलबाईंनी एक अडचण काढली. साक्षीदार दोन लागतात, आणि या कागदाने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याचा वाटा जातो. पैलवानाला हातमोजे मिळत असल्याने तो बाद झाला. पैलवान म्हणाला, मोजे नकोत, सही करतो. मी म्हटले, मोजे घ्यावेच लागतील. तेव्हा धाकट्याने विचारले, "मला काही मिळतंय का यात?"

वकीलबाई म्हणाल्या, "अट पाळलीत तर मजला. सही केलीत तर मात्र तोही हक्क जाईल. नीट विचार करा."

"अट पाळणार नाही, हे सांगून झालंय. पेन द्या."

पुतणी त्याला दंडाला धरून बाजूला घेऊ लागली. "बाबा, जाणार कुठे आहात तुम्ही?" त्याने तिचा हात सोडवला.

कलम नववे. ज्या इसमास हुकूम देता येत नाही त्याच्यासाठी अट घालणे व्यर्थ आहे. सातव्या कलमातील अट मी मागे घेत आहे. वरचा मजला माझ्या पुतणीस मिळावा, पूर्ण मालकीने, बिनशर्त. माझ्या मुलाने त्यावर हक्क सांगू नये. तेथे तिने कोणाला जवळ ठेवावे, हे मी लिहिणार नाही. माझा राग कायम आहे आणि तो या वाटपात कोणाकडेही जात नाही. तो माझ्याबरोबर संपेल.

कलम दहावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे.

हा कागद मी स्वतःच्या अक्षरात लिहिला, सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला आणि खाली सही केली. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना.

ठिकाण: राहते घर, खालचा मजला, पुढची खोली.
दिनांक: ११ मार्च.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, समोरील दवाखाना. (सही)

साक्षीदार दुसरे: लिहून ठेवणाराचा धाकटा सख्खा भाऊ, व्यंगचित्रकार. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराची सही वाकडी आहे, अशी हरकत पुढे कोणी घेतल्यास: साक्षीदाराचा हात कापतो. सही त्याचीच आहे. कागद सरकू नये म्हणून तो मी दोन्ही हातांनी धरला होता.